जगदाळ्यांच्या वस्तऱ्याची मूठ

वस्तरा मोडला नव्हता. मोडली होती ती मूठ. हा फरक गणोजीराव जगदाळे पुढे जो भेटेल त्याला समजावून सांगत, आणि ऐकणारा मान डोलावून म्हणे, "म्हणजे वस्तरा मोडलाच की."

धारच्या जगदाळ्यांकडे दसऱ्याला शस्त्रपूजा होते तेव्हा पाटावर एक तलवार, एक कट्यार आणि एक वस्तरा मांडतात. पाहुण्यांना पहिल्या दोन वस्तूंचं नवल वाटत नाही. मराठ्यांच्या घरी त्या असायच्याच. तिसरीकडे बोट दाखवून ते विचारतात, "हे काय?" आणि तिथून घराण्याचा इतिहास सुरू होतो. जगदाळ्यांचे पणजोबा दरबारात मोठ्या मानाच्या जागेवर होते. महाराजांची दाढी होत असताना शेजारी तलवार उपसून उभं राहायचं, आणि न्हाव्याला कुणी फितवलेलं दिसलं तर तिथल्या तिथे त्याचा निकाल लावायचा, अशी त्यांची नेमणूक होती. न्हावी जन्मभर इमानी निघाला, त्यामुळे पणजोबांना पराक्रम गाजवायची संधी मिळाली नाही. पण रोज सकाळी हात भरून येईपर्यंत तलवार धरून उभं राहणं हाही पराक्रमच, असं जगदाळे मानतात. महाराजांनीही ते मानलं असावं, कारण पुढे त्यांनी आपला विलायती वस्तरा पणजोबांना बक्षीस दिला. हस्तिदंती मुठीचा.

"हस्तिदंती" हा शब्द उच्चारण्यापूर्वी जगदाळे जरा थांबतात. (धारचा वस्तरा म्हणजे धार असणारच, हा विनोद या घरच्या प्रत्येक जावयाने पहिल्या दिवाळसणाला केलेला आहे. तो पुन्हा करण्याची गरज नाही.)

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक नवरदेवाची लग्नाच्या सकाळची दाढी त्याच वस्तऱ्याने होते, आणि तो वस्तरा न्हाव्याच्या हाती देण्याचा मान नवरदेवाच्या चुलत्याचा असतो. त्या वर्षी नवरदेव होता तुकोजी. पीथमपुरात नुकतेच कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात तो लागला होता आणि पाळीच्या बसमध्ये त्याला मित्र "टी. जे." म्हणत. त्याचं लग्न इंदूरच्या नारायणरावांच्या अलकाशी ठरलं होतं. आणि तुकोजीला चुलता एकच होता, तो म्हणजे आपले गणोजीराव.

गणोजीराव देवासला पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. पन्नाशी उलटली होती, ऑफिसात चार माणसं उठून उभी राहत; पण धारच्या घरात पाऊल टाकलं की ते "मोड्या" होत. लहानपणी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलं, ते पुन्हा कधी वाजलं नाही. ग्रामोफोनची स्प्रिंग काढली, ती उडून माईआत्याच्या अंबाड्यात अडकली. स्वतःच्या लग्नात बोहल्यावर उभं राहता राहता त्यांनी मुंडावळ्या तोडल्या. थोरले बंधू मानाजीराव, म्हणजे तुकोजीचे वडील आणि घरादाराचे दादासाहेब, ही यादी कुठल्याही पाहुण्याला सांगत, आणि सांगताना त्यांचा एरवी कडक चेहरा जरा सैल होई.

अशा माणसाने दसऱ्याच्या दिवशी, भरल्या ओसरीत, पाटावरचा वस्तरा पाहून म्हणावं, "दादासाहेब, याला गंज चढतोय. मूठही पिवळी पडलीय. लग्नाआधी माझ्याकडे द्या, नवा करून आणतो."

गणोजीरावांच्या पत्नी उमाबाईंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला.

गणोजीराव अगदीच हवेत बोलत नव्हते. गेलं वर्षभर त्यांना जुन्या वस्तऱ्यांचा नाद लागला होता. देवासच्या भंगारवाल्यांकडे, पंक्चरलेल्या ट्यूब आणि फुटक्या शेगड्यांच्या ढिगात, असे वस्तरे मिळत. त्यांनी दोन उजळले होते. एकाने स्वतःची दाढीही केली होती आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात गालावरच्या रेघेबद्दल "मांजरानं ओरबाडलं" असं सांगितलं होतं. घरी मांजर नव्हतं.

दादासाहेबांनी वस्तरा उचलला, मखमलीत गुंडाळला, पण पुढे केला नाही. "गणोजी, हा परत येईल ना?"

"परत म्हणजे? नवा होऊन येईल."

"नवा नको. जसा आहे तसा आला तरी पुरे."

सगळे हसले. गणोजीरावही हसले. पण परतीच्या बसमध्ये, इंदूर मागे पडल्यावर, उमाबाई म्हणाल्या, "कशाला बोललात?" तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघत जे उत्तर दिलं ते खरं होतं. "एकदा तरी, अगं, त्या घरातली एखादी वस्तू नेली त्याहून बरी करून ठेवायचीय मला. एकदाच."

उमाबाईंनी तिकिटं पदराच्या गाठीत बांधली. नवऱ्याच्या हौसेवर बोलता येतं. हे दुसरंच काही होतं.

पात्याचं काम झकास झालं, हे कुणीही कबूल करील. रॉकेलात भिजवणं, चिंच, चुलीतली चाळलेली राख, मग पाणीकागद, मग पथरी आणि शेवटी कमरेचा जुना चामडी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून त्यावर घासणं. पट्टा असा कामाला लागल्यामुळे गणोजीराव आठवडाभर एका हाताने पँट धरून ऑफिसला गेले, पण पात्यात त्यांना स्वतःची मिशी दिसू लागली. इथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगण्यासारखी झाली नसती.

मूठ मात्र पिवळी ती पिवळीच. दोन लांब पाळ्या, मध्ये पातं मिटायला फट, टोकाला पितळी खिळा. गणोजीराव ती उन्हात धरून बसले होते तेव्हा शेजारच्या नलिनीबाई कुंपणापाशी आल्या. त्यांचे यजमान कारखान्यात नोकरीला म्हणून सांगलीहून देवासला आले होते. सांगलीत सगळ्यावर उपाय होता.

"हस्तिदंत ना? ताकात ठेवायचा. आमच्याकडं हस्तिदंती फण्या ताकातच ठेवतात."

"तुमच्याकडे हस्तिदंती फण्या होत्या?" उमाबाईंनी विचारलं.

"आमच्याकडं म्हणजे आमच्या गावात." नलिनीबाईंनी मूठ नाकाशी नेली. "कापरासारखा वास येतोय की हिला."

"देवघरात असते ना," गणोजीराव अभिमानाने म्हणाले. "पिढ्यान्‌पिढ्यांच्या आरत्या मुरल्यात तिच्यात."

मूठ ताकात ठेवली. सकाळी ती होती तशीच पिवळी निघाली, आणि ते ताक दारावर येणाऱ्या गाईपुढे ठेवलं तर गाईने वास घेऊन उमाबाईंकडे असं पाहिलं की त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

समोरच्या शर्माजींनी टेकडीवरून देवीचं दर्शन घेऊन येता येता सगळा प्रकार ऐकला. "अरे भिया, छाछ-वाछ छोड़ो. पहले खोलो इसको. बिना खोले दुनिया में कोई चीज साफ हुई है आज तक?"

हे वाक्य इतकं तर्कशुद्ध होतं की गणोजीराव तडक पक्कड घेऊन बसले. खिळा जुना होता, पण हट्टी होता. एकदा फिरला नाही, दुसऱ्यांदा फिरला नाही. तिसऱ्यांदा गणोजीरावांनी मूठ गुडघ्यात धरली आणि कट् असा आवाज झाला.

आतून उमाबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही."

"हा 'काही नाही'चा आवाज लग्नापासून ओळखते मी," म्हणत त्या बाहेर आल्या. एक पाळी मधोमध दुभंगली होती. गणोजीराव दोन तुकडे दोन हातांत धरून ते एकमेकांजवळ आणत होते, लांब नेत होते, पुन्हा जवळ आणत होते. जणू काही मध्येच एखाद्या वेळी ते आपोआप जुळतील. उमाबाईंना रागवायचं होतं. पण त्यांचा चेहरा बघून त्या आत गेल्या आणि चहा टाकला.

मग चिकटवणं सुरू झालं. सुताराचा सरस झाला. तो वाळल्यावर निखळला. मग इंदूरहून दोन नळ्यांचा विलायती चिकटा आणवला. त्याने मूठ चिकटली, पण तिच्याबरोबर गणोजीरावांचा अंगठाही चिकटला, आणि अर्धा रविवार ते खिशात हात घालून, म्हणजे हात आणि वस्तरा दोन्ही घालून, पाहुण्यांशी बोलत बसले. सांधा दिसत होताच. पातं उघडलं की मूठ कुरकुरायची. असा वस्तरा न्हाव्याच्या हाती द्यायचा म्हणजे तुकोजीच्या गळ्याशी खेळ.

एकच मार्ग उरला. नवी पाळी करायची, आणि तीही हस्तिदंताची. इंदुरात एका माणसाकडे जुन्या सोंगट्या आहेत, तो हस्तिदंत विकेल, असं कळलं. दुसरा कुणी असता तर गुपचूप जाऊन घेऊन आला असता. पण गणोजीराव सरकारी हेडक्लार्क होते. हस्तिदंताला हल्ली परवानगी लागते, हे त्यांनी वाचलं होतं, आणि परवानगी लागते असं कळल्यावर ती न मागणं त्यांच्या हातून झालं नसतं. ते जंगलखात्याच्या कार्यालयात गेले.

तिथल्या बाबूने अर्ज दोनदा वाचला. "हाथी कहाँ है?"

"हत्ती नाही. हाथी नहीं है साहब. उसके दाँत की मूठ है. दाढी के उस्तरे की."

"तो हाथी का क्या हुआ?"

"वह तो राजाओं के जमाने में ही..."

"मर गया? कैसे मरा? कोई प्रमाण?" बाबूने चष्मा वर केला. "देखिए, आप खुद सरकारी आदमी हैं. आप लिख रहे हैं कि आपके घर में हाथी का अंग है. अब आपने लिख दिया तो हमको भी कुछ लिखना पड़ेगा."

गणोजीरावांनी घाईघाईने अर्ज मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण तोवर त्यावर आवकचा शिक्का पडला होता, आणि शिक्का पडलेला कागद परत मिळत नसतो हे त्यांच्याहून चांगलं कुणाला ठाऊक असणार! देवास जिल्ह्यातलं जंगल दक्षिणेला, तेव्हा कागद सतवासला गेला. तिथून तो काय शेरे घेऊन फिरला देव जाणे, पण एका सकाळी, कॉलनीतल्या बायका नळावर असताना, खाकी कपड्यातला वनरक्षक सायकल ढकलत आला आणि मोठ्याने म्हणाला, "जगदाले कौन? हाथी वाला केस है."

त्या दिवसापासून देवासमध्ये गणोजीरावांना ऑफिसला जायचा रस्ता बदलावा लागला. वनरक्षक ओट्यावर बसून पोहे खाऊन गेला, वस्तरा उलटसुलट पाहून गेला आणि जाताना सांगून गेला की ही चीज अस्सल हस्तिदंत आहे की नाही याचा दाखला जोडा, मग बघू. शर्माजी म्हणाले, "भिया, दाँत छोटा था, अच्छा हुआ. पूरा हाथी होता तो फाँसी हो जाती." नलिनीबाईंनी उमाबाईंना हळूच विचारलं, "वहिनी, आमच्यापाशी बोला हो मोकळेपणानं. भावजी शिकारीला जात होते का?"

ज्या माणसाने आयुष्यात झुरळ मारताना डोळे मिटले, त्याच्याविषयी हे. उमाबाईंना हसू आलं. पण आत गणोजीराव भिंतीकडे तोंड करून पडले होते, म्हणून त्यांनी ते ओठांतच ठेवलं.

आणि याच सुमारास धारहून निरोप आला. नारायणराव लग्नाच्या बोलणीला येत आहेत, त्यांना वस्तरा पाहायचाय, घेऊन या.

परवानगी नव्हती, नवी पाळी नव्हती. गणोजीरावांनी सांध्यावर लाल-पिवळा रेशमी धागा घट्ट गुंडाळला. कुणी विचारलं तर देवीचा गंडा म्हणून सांगायचं ठरवलं आणि मग देवीची मनोमन माफी मागितली. बसमध्ये त्यांनी उमाबाईंना वचन दिलं की पोचल्या पोचल्या दादासाहेबांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगेन.

"काय सांगाल?"

"म्हणेन, दादासाहेब, माझ्या हातून मूठ मोडली."

"पुन्हा म्हणा. आवाज आला नाही."

गणोजीराव धारपर्यंत ते वाक्य पुटपुटत होते. पण पोचले तेव्हा नारायणराव आधीच बैठकीत येऊन बसले होते, पुढ्यात केशरी दुधाचा पेला होता, आणि दादासाहेब दारातच म्हणाले, "आला का? आण इकडे." बाजूला घेण्याची वेळ टळून गेली.

नारायणराव भारदस्त गृहस्थ. त्यांच्या घराण्याकडे एके काळी इंदूर दरबारच्या शस्त्रागाराची देखरेख होती, त्यामुळे कुठलीही जुनी वस्तू दिसली की ते ती पारखायला घेत. त्यांनी पातं पाहिलं. "वा! काय उजळलंय. आरसा आहे आरसा."

"आमच्या गणोजीनं केलंय," दादासाहेब म्हणाले.

हे ऐकून गणोजीरावांना काय वाटलं ते सांगता यायचं नाही. त्या घरात, त्या आवाजात, असं वाक्य त्यांनी आधी कधी ऐकलं नव्हतं. आता वस्तरा कधी मिटतो आणि मखमलीत जातो, एवढाच प्रश्न होता.

पण नारायणराव मुठीवरून बोट फिरवू लागले. "हस्तिदंत आहे म्हणता. असेलच. आमच्याकडे मात्र एक पद्धत आहे हं, रागवू नका. सुई तापवून टेकवायची. अस्सल हस्तिदंतावर डागसुद्धा पडत नाही. मुलीचा बाप आहे, तुमचं वैभव जरा डोळे भरून पाहू द्या."

हे हसत म्हटलं होतं, पण म्हटलं होतं. दादासाहेबांचा चेहरा ताठ झाला. "अवश्य. गणोजी, आतून दाभण आण. आणि समई."

आता दुसऱ्या कुणाच्या हातात मूठ गेली असती तर धागा सरकला असता आणि सांधा दिसला असता. म्हणून गणोजीराव म्हणाले, "मी धरतो. मीच टेकवतो." सांध्यावर त्यांनी चार बोटं आवळून धरली, दाभणाचं टोक समईच्या ज्योतीत लाल होऊ दिलं आणि मुठीच्या मोकळ्या टोकाला टेकवलं.

डाग पडला नाही. डाग पडायला वेळच मिळाला नाही. फस्स् झालं आणि मूठ पेटली. साधी नाही, दिवाळीतल्या फुलबाजीसारखी, पांढरी, टवटवीत ज्योत. आणि सगळ्या बैठकीत कापराचा घमघमाट सुटला. देवघरातून माईआत्या लगबगीने हात जोडत आल्या. "अगोबाई, आरती सुरूसुद्धा केलीत? मला हाक तरी मारायची!" आणि जळत्या वस्तऱ्यासमोर उभं राहून त्यांनी डोळे मिटून टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

गणोजीरावांना काही सुचेना. टाकावी तर खाली गालिचा. त्यांनी समोर जो पेला दिसला त्यात मूठ बुडवली. तो नारायणरावांचा केशरी दुधाचा होता.

चर्र आवाज झाला आणि ज्योत विझली. माईआत्यांनीही डोळे उघडले.

नारायणरावांनी पेल्यातून काळा वाकडा तुकडा चिमटीत धरून वर काढला आणि वास घेतला. "कचकडं," ते म्हणाले. "कापूर घालून बनतं. बाहुल्या करतात तेच."

गणोजीरावांनी दादासाहेबांकडे पाहिलं आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. दादासाहेबांची नजर त्या तुकड्यावर होती. त्याच्या फटीत, जिथे ज्योत पोचली नव्हती, कुंकवाचा लाल थर होता. किती दसऱ्यांचं साठलेलं कुंकू ते! स्वतःच्या हाताने लावलेलं, त्याआधी वडिलांनी लावलेलं. म्हणजे मूठ हीच होती. पहिल्यापासून हीच होती. महाराजांनी दिली तीच. गणोजीरावांनी आपल्या थोरल्या भावाला रागावलेलं पाहिलं होतं, गप्प पाहिलं होतं. असं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. व्याह्यांच्या समोर, स्वतःच्या बैठकीत, हा माणूस कुठे बघावं ते न कळून समईकडे बघत होता.

"दादासाहेब," गणोजीराव म्हणाले. बसमध्ये घोकलेलं वाक्य तोंडात तयारच होतं. "माझ्या हातून मूठ मोडली."

सगळ्यांनी मान वळवली.

"खरी मूठ. देवासला. पक्कड लावली अन् तुकडे झाले. तुम्हांला सांगायची छाती झाली नाही. म्हणून ही... ही कचकड्याची आणून बसवली. तुम्हांला न सांगता."

"आणि खरी?" नारायणराव पुढे सरकले. "खऱ्या हस्तिदंताचे तुकडे कुठे आहेत?"

यावर काय उत्तर द्यायचं हे घोकलेलं नव्हतं. "फेकले."

"हस्तिदंत फेकला?"

"लाज वाटली म्हणून."

नारायणरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं जसं गाईने ताकानंतर उमाबाईंकडे पाहिलं होतं. मग मान हलवून म्हणाले, "नक्कल मात्र हुबेहूब साधली हो तुम्हांला. मीदेखील फसलो असतो."

दादासाहेबांनी तुकड्यावरून नजर उचलली आणि धाकट्या भावाकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते दोघांनाच माहीत. मग त्यांचा आवाज फुटला.

"मोड्या! अरे, घराण्याची एक वस्तू उरली होती रे! घड्याळ गेलं, ग्रामोफोन गेला..." आणि सगळी यादी, मुंडावळ्यांसकट, नारायणरावांना पुन्हा पहिल्यापासून ऐकवली. सांगता सांगता त्यांचा रंग परत आला, पाठ सरळ झाली. नारायणराव आधी हळहळले, मग ग्रामोफोनच्या स्प्रिंगपाशी हसायला लागले, आणि दुधाचा दुसरा पेला येईपर्यंत बैठक पूर्ववत झाली. जगदाळ्यांकडे हस्तिदंती मूठ होती, ती धाकट्या खुळ्याने घालवली, एवढं इंदूरकरांनी घरी नेलं. यात जगदाळ्यांची बेइज्जती नव्हती. प्रत्येक मोठ्या घरात एक तरी असा असतोच.

गणोजीराव मान खाली घालून उभे होते. अशा वेळी माणसाला आत कुठेतरी थोर वाटत असेल असा आपला समज असतो. त्यांना तसं काही वाटलं नाही. पाळी खरोखरच त्यांच्या पकडीखाली मोडली होती. त्यामुळे धड त्याग म्हणता येईना, धड गुन्हा म्हणता येईना.

उमाबाईंनी माजघराच्या दारातून सगळं ऐकलं होतं. परत जाताना त्या म्हणाल्या, "मोडली हे खरं. बदलली हे खोटं. फेकली हेही खोटं. मग एवढी मान कशाला खाली घालत होतात?"

"जेवढं खरं होतं तेवढ्यासाठी," गणोजीराव म्हणाले.

पुढचे दोन महिने त्यांनी जे भोगलं ते थोडक्यात सांगायला हवं. ही बातमी धारहून इंदूरला, इंदूरहून देवासला आली, आणि टोंकखुर्दला मास्तरकी करणारा एक दूरचा साडू केवळ हस्तिदंत कुठल्या उकिरड्यावर फेकला हे विचारायला बसने येऊन गेला. त्याने बरोबर पिशवीही आणली होती. जंगलखात्याला तर आता खुलासा द्यायचा होता. अस्सल हस्तिदंताचा दाखला द्या, म्हणून वनरक्षक सांगून गेला होता. गणोजीरावांनी लिहून दिलं की वस्तू हस्तिदंताची नव्हती आणि जी होती ती जळाली. बाबूने कागद खाली ठेवला. "जगदालेजी, हाथी भी नहीं, दाँत भी नहीं. तो फिर इतने महीने से ये फाइल किसकी चल रही है?" फाइल बंद होत नाही म्हणून ती पुढे कित्येक वर्षं चालू राहिली.

लग्न वैशाखात धारलाच झालं. वस्तऱ्याला दादासाहेबांनी शिसवी लाकडाची मूठ करून घेतली होती. साधी, काळी, दिसायला चांगली. सकाळी नवरदेवाला पाटावर बसवलं, न्हाव्याने फेस केला, आणि चुलत्याला बोलवायची वेळ आली तेव्हा दादासाहेबांनी गणपतरावांना, म्हणजे नात्यातल्या एका लांबच्या भावाला, पुढे केलं. दुसरं काही करणं शक्यही नव्हतं. ज्याने घराण्याचा हस्तिदंत उकिरड्यावर टाकला त्याच्या हाती तो वस्तरा इंदूरकरांच्या देखत कसा देणार? गणोजीरावांना हे आधीच समजलं होतं. ते मागच्या अंगणात बंबात लाकडं सारत बसले होते. धूर डोळ्यांत जात होता, त्यामुळे कुणाला काही विचारायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघून गेल्यावर घरची माणसं ओसरीवर चहाला बसली. नवी सून अलका, हातावरची मेंदी अजून ओली वाटावी अशी, ट्रे घेऊन आली. घरात ठेवणीतले चिनी मातीचे कप निघाले होते, सोनेरी कडेचे. सगळ्यांना देत देत ती गणोजीरावांपाशी आली. त्यांनी कप उचलला. तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं, आणि ती मनापासून, अगदी मायेने, हात पुढे करून म्हणाली, "काकासाहेब, राहू द्या ना. मी धरते तुमच्यासाठी. तुम्ही फक्त प्या."

सगळी ओसरी खदखदून हसली. तुकोजी हसला, माईआत्या हसल्या, दाराआडच्या बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्याने दादासाहेब हसले. आणि सगळ्यांत आधी तेच थांबले.

अलका हात पुढे करून उभी होती. गणोजीरावांनी कप दोन्ही हातांनी, थेंबही न सांडता, तिच्या हातात दिला.